केसपेपरच्या पाठीवरचा सोनाटा

माझ्याकडे एक सोनाटा आहे, पण त्याचा फक्त तळ. वरचं काहीच नाही. दवाखान्याच्या जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेले सा, रे, ग, म आणि काही सुरांच्या डोक्यावर आकडे, कुठं सहा, कुठं सात, कुठं चार आणि लगेच तीन. असे नऊ कागद. पुढच्या बाजूला कुणाचा ताप, कुणाची नाडी. नातीला गाणं शिकवायला एक सर येतात, त्यांना मी हे कागद एकदा दाखवले. त्यांनी पेटीवर थोडं वाजवून पाहिलं आणि म्हणाले, आजी, यात चालच नाही. मी म्हटलं, नाहीच आहे. चाल दुसऱ्या दोघांकडे होती आणि ते दोघं ती घेऊन आपल्या देशी गेले.

ज्यानं ते संगीत लिहिलं त्याचं नाव मला तेव्हा दोन-तीनदा सांगितलं गेलं होतं. राहिलं नाही. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी युरोपात होऊन गेलेला माणूस, एवढं लक्षात आहे. नर्सला नावं विसरायची आणि लक्षणं ध्यानात ठेवायची सवय लागते. तेव्हा लक्षणं सांगते. वर दोन व्हायोलिनं. एक बोलतं, दुसरं तेच उचलून पुढं नेतं, विहिरीवर दोघी जणी एकमेकींचं वाक्य तोडत बोलतात तसं. त्यांच्या खाली एक जाड, सावकाश चालणारा सूर, जो पहिल्यापासून शेवटपर्यंत थांबत नाही, आणि त्या सुरावर हळूच ठेवलेले एक-दोन जोडीचे सूर. सगळे मिळून पाच छोटे तुकडे, पहिला संथ, मग जलद, मग पुन्हा संथ, असे. बहुतेक जुन्या नाचांचे. असा सोनाटा म्हणे दोन जातींचा असायचा. एक चर्चमध्ये वाजवायचा आणि एक घरातल्या खोलीत. आमचा खोलीतला होता. ही गोष्ट त्या एका शब्दाची आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

एकोणीसशे बासष्ट साली मी यवतमाळला एका मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. तिथल्या मुख्य डॉक्टर एक परदेशी बाई, त्यांना सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. त्या मराठी चांगलं बोलत, पण ते पेशंटांकडून शिकलेलं असल्यामुळे त्यात कळा, मुरडा आणि जुलाब यांचा भरणा फार. त्यांचे यजमान दवाखान्याचं बांधकाम, पाण्याचा पंप आणि दिव्याचं इंजिन बघत. ते साहेब. साहेबांच्या मराठीच्या नावानं आनंदच होता. दोघंही व्हायोलिन वाजवत आणि त्यांच्याबरोबर रक्त-लघवी तपासणाऱ्या एक वयस्क मडम मोठं व्हायोलिन वाजवत, दोन गुडघ्यांमध्ये उभं धरून. बासष्टच्या पावसाळ्यात मडम कायमच्या मायदेशी गेल्या, वाद्य घेऊन. त्यामुळे सोनाटा अधांतरी झाला. वरचे दोघं शिल्लक, खालचं कोणी नाही.

एक दिवस ड्युटीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी आम्हा पाच नर्सना विचारलं, पेटी वाजवणारं आणि थोडं वाचता येणारं कोणी तुमच्या माहितीत आहे का. कोणी भाच्याचं नाव घेतलं, कोणी पाद्रीसाहेबांच्या स्वयंपाक्याचं. मी म्हटलं, माझे वडील. नेरच्या बाजूला त्यांच्यासारखी पेटी कोणी वाजवत नाही. हे खरं होतं, पण सहा वर्षांपूर्वी खरं होतं. सहा वर्षांत, एक अर्धवट खेप सोडली तर, बाबांनी पेटीला हात लावला नव्हता. मला त्या चार जणींसमोर मिरवायचं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बाबांचं असं होतं. नेरकडच्या आमच्या गावात त्यांनी तरुणपणी एका म्हाताऱ्या तमाशातल्या पेटीवाल्याकडून पेटी शिकून घेतली. गावच्या देवळात भजनी मंडळ होतं, पण पेटी वाजवणारं कोणी नव्हतं. तेव्हा बाबांना बोलावणं आलं. त्यांनी आपली पेटी घेऊन यायचं, देवळाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसायचं आणि तिथून वाजवायचं. गाणारे आत, पेटी बाहेर. आमच्या माणसांना तिच्या वर चढायची मुभा नव्हती. अकरा वर्षं बाबा तसे वाजवत होते. आतला गाणारा त्यांना दिसायचा नाही, त्याचं तोंड दिसायचं नाही, हात दिसायचा नाही. मग त्यांनी कानानंच पाठलाग करायचं कसब कमावलं. आतून शब्द बाहेर आला की अर्ध्या श्वासाच्या अंतरानं पेटी त्याच्या मागोमाग जायची. लोक वाहवा करत. शेवटी प्रसाद वरून उपरण्यात टाकत. मी लहानपणी त्या पायरीच्या खाली मातीत बसून तो खाल्ला आहे. गोड होता.

छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले. घरातले देव उतरवले आणि पेटी मायच्या जुन्या लुगड्यात बांधली. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. यापुढं कोणत्याही देवापुढं पेटी वाजवणार नाही आणि कोणाच्याही पायरीवर बसणार नाही. पुढच्या वर्षी आम्ही यवतमाळला आलो आणि बाबा जिनिंगमध्ये कामाला लागले. वस्तीतल्या लोकांनी फार आग्रह केला, आपली वंदना आहे, आपली नवी गाणी आहेत, त्यांना पेटी पाहिजे. एकदा ते बसलेही. पण नेहमीच्या काळी दोन पट्टीवर बोट टेकलं की त्यातून भजनच निघायचं. शब्द नवे, पेटी जुनी. त्यांनी मध्येच भाता बंद केला आणि म्हणाले, "बोटं अजून त्या पायरीवरच हायेत." लोकांना तो भाव खाणं वाटलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

मोठे दुःखी वगैरे ते झाले नाहीत. जिनिंगमध्ये जायचे, यायचे, जेवायचे. फक्त जेवताना डाव्या मांडीवर बोटं चालायची आणि लक्षात आलं की मूठ मिटायची. पूर्वी घरात सर्वांत जास्त बोलणारा माणूस आता विचारलं तेवढंच बोलायचा. माय दर दिवाळीला लुगडं सोडून पेटी पुसायची आणि पुन्हा बांधून ठेवायची. ती पेटी बाबांच्या हयातीत पुन्हा बोलेल, अशी आशा घरात तिला एकटीलाच होती. मला नव्हती. मी दवाखान्यात बढाई मारून आले होते आणि आता तोंडघशी पडायची वेळ आली होती.

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "कोन्या देवाचं हाये ते?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं. मला वाटलं हसतील, पण त्यांनी पंपाचं काम सोडून हात पुसले आणि अर्धा तास समजावून दिलं. चर्चचा सोनाटा वेगळा आणि खोलीचा वेगळा. हा खोलीचा. यात देव नाही, प्रार्थना नाही, शब्दच नाहीत. चार माणसांनी घरात बसून वाजवायचं आणि ऐकायचं. मी हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं. बसायचं कुठं, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खुर्चीवर. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि मग मायला पेटी खाली काढायला सांगितली.

पेटीची दशा झाली होती. दोन सूर मुके, एक सारखा बोंबलणारा, भात्याला घडीवर चीर. बाबांनी तीन रात्री खपून सूर मोकळे केले. चिरेवर लावायला मी दवाखान्यातून चिकटपट्टी मागून आणली. जखमेला लावतात तीच. माय म्हणाली, पेटीचं ऑपरेशन झालं, आता पथ्य काय ते पण सांग.

पहिल्या रविवारी दुपारी चारला मी बाबांना घेऊन बंगल्यावर गेले. दुभाषी म्हणून. डॉक्टरीणबाई वॉर्डातून नेहमी उशिरा यायच्या, त्यामुळे साहेब आणि बाबा यांच्यामध्ये मीच. खुर्ची खरंच होती. समोर पेटीसाठी बुटकं टेबल होतं. साहेबांनी बाबांना एक सूर धरायला सांगितला आणि तो कानात घेऊन आपल्या व्हायोलिनच्या खुंट्या पिळू लागले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आजवर गाणारा जिथं उभा असेल तिथं पेटीनं जायचं, हाच रिवाज. इथं साहेब पेटीला सूर मिळवत होते. तो सूर बाबांनी गरजेपेक्षा बराच जास्त वेळ धरून ठेवला.

हा सूर म्हणजे पांढरी दोन. बाबांची जन्माची सवय काळी दोनची. शेजारचीच पट्टी, पण बोटांचा सगळा रस्ता बदलतो. ओळखीची वळणं सापडेनात. मला वाटलं आता ते वैतागून उठतील. ते उलट खुलले. घरी येताना म्हणाले की इथं बोटांना जुनं काही आठवत नाही.

खरी पंचाईत पुढं झाली. साहेबांनी गज ओढला आणि बाबा त्यांच्या मागं गेले. म्हणजे व्हायोलिन जे वाजवेल तेच, अर्ध्या श्वासानं मागून. अकरा वर्षं केलं तेच, आणि काय सफाईनं! न ऐकलेली परकी चाल पहिल्याच खेपेला सावलीसारखी उचलली. साहेब थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बाबा मागं. मी मनात म्हटलं, याहून चांगली संगत कुठं मिळणार आहे यांना. साहेबांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि मला सांगितलं, यांना म्हणावं, माझ्या मागं येऊ नका. तुम्ही तुमचं चाला. मी तुमच्या मागं येईन.

मी ते सांगितलं. बाबांना ते पटेना. त्यांनी मला दोनदा विचारलं, नीट ऐकलं ना तू. त्यांच्या हिशेबी मुख्य माणसाला सोडून आपलंच वाजवणं म्हणजे उद्धटपणा. हे वळण मोडायला पाच रविवार लागले. साहेब चिकाटीचे. पंपाचा नट बसेपर्यंत जसे उठत नसत, तसेच इथंही. त्यांनी खालचे सूर एकेक गुणगुणून दाखवले आणि मी ते केसपेपरांच्या पाठीवर सारेगममध्ये उतरवले. वरच्या आकड्यांचं गणित असं होतं की खालच्या सुरापासून मोजत जायचं आणि सहा लिहिलं असेल तर सहावा सूर सोबत धरायचा. बाबा हे पाच मिनिटांत समजले. अंगठ्यानं तळ, करंगळीनं सहावा. डावा हात भात्यावर अडकलेला, तेव्हा जे काय करायचं ते पाच बोटांत. साहेब या सगळ्याला कंटिन्युओ म्हणत, न थांबता चालणारं. बाबा त्याला म्हणत पायवाट.

डिसेंबर उजाडेपर्यंत पहिले तीन तुकडे बसले. बाबा मागं जायचे थांबले होते. दुसऱ्या तुकड्याची सुरुवातच पेटीची. बाबांनी एकट्यानं दोन सूर टाकायचे, मग साहेबांचं व्हायोलिन त्यात शिरायचं, मग बाईंचं. साहेब गज उचलून बाबांच्या हाताकडे बघत बसत. बाबा कधी कधी मुद्दाम जरा थांबत. माझी खात्री आहे, मुद्दाम.

वस्तीत कुजबुज झालीच. आता हे किरिस्ताव होणार, पोरगी तर आधीच त्यांच्यात आहे. बाबा चौकात उभे राहून म्हणाले की तिथं देव नाही, खुर्ची आहे. जेवताना ते आता बोलायचे. साहेबांनी काय चूक केली, बाई कुठं घाई करतात, हे आम्हाला ऐकवायचे. माय आपली भाकरी थापत ऐकायची आणि तिच्या तोंडावर जे दिसायचं ते मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं. शिवाय हे माझ्यामुळे झालं, असंही वाटत होतं.

फेब्रुवारीत बाई आणि साहेबांनी वीस-पंचवीस लोकांना चहाला बोलवायचं ठरवलं. बंगल्यातल्या खोलीत चहा, मग सोनाटा. बाबांनी कोट धुवून घेतला. पण आसपासच्या गावांहून मिशनची बरीच मंडळी त्याच दिवशी आली आणि पाहुणे साठाच्या वर गेले. खोलीत एवढी माणसं मावेनात. पाद्रीसाहेबांनी आवारातलंच चर्च उघडून दिलं आणि तिथं सगळं हलवलं. यात कोणाचंही काही वाकडं नव्हतं. मी त्या वेळी वॉर्डात होते, मला पाचच मिनिटं आधी कळलं.

मी धावत गेले तेव्हा बाबा चर्चच्या समोर उभे होते. सायकलच्या कॅरिअरवर पेटी. चर्चला तीन पायऱ्या. दार सताड उघडं, आत माणसं बसलेली आणि समोरच्या भिंतीवर क्रूस. साहेब हसत बाहेर आले. बाबांनी मला सांगितलं की त्यांना आठवण दे, खोलीत ठरलं होतं. मी दिली. साहेब म्हणाले, हो, पण आज इथं प्रार्थना वगैरे काही नाही, फक्त जागा मोठी आहे. बाबा म्हणाले, सूर तोच असेल, पण समोर देव आहे. मी शब्द दिलेला आहे. मी तेही सांगितलं. साहेब विचारात पडले. भला माणूस होता. अडचण दिसली की तोड काढायची, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी दाराकडे पाहिलं, पायऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला तोड सांगितली.

मी बाबांकडे वळले. अंगावर पांढरा गणवेश, आतून साठ माणसं बघत असलेली, बाहेर दोन्ही भाषा समजणारी मीच एकटी. मी चोख सांगितलं. "साहेब म्हणते, आत नका येऊ. इथंच पायरीवर बसून वाजवा. आतमधी बरोबर आवाज येते."

बाबांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं.

"हे तू म्हणून राह्यली का तो?"

मी म्हटलं, ते म्हणतात.

"पण तोंड तुयं हाये," बाबा म्हणाले. त्यांनी पेटीची दोरी पुन्हा आवळली आणि सायकल हातात धरून फाटकाबाहेर गेले. साहेब मला विचारत होते, काय झालं, ते काय म्हणाले. मी म्हटलं, त्यांना बरं वाटत नाही.

दोघांनी पेटीशिवायच वाजवलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. चार महिने मी ते तळासकट ऐकलं होतं, आता फक्त विहिरीवरच्या त्या दोघी बोलत होत्या आणि त्यांच्या पायाखाली काही नव्हतं. पाहुण्यांना काय कळणार, ते माना डोलावत होते. दुसरा तुकडा आला. साहेबांनी गज उचलला आणि तसेच थांबले. ते पेटीच्या दोन सुरांची वाट बघत होते. सवयीनं. बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, कोणीतरी खोकलं, मग साहेबांना भान आलं आणि त्यांनी सुरुवात केली. ते थांबणं फार तर दोन श्वासांचं असेल. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. त्यानंतरही वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सरळ विचारलं. मीही सरळ सांगितलं. देऊळ, खालची पायरी, अकरा वर्षं, दीक्षा, बाबांनी दिलेले दोन शब्द. शेवटी त्या म्हणाल्या, "हे तुला कालसुद्धा माहीत होतं?"

मी म्हटलं, हो.

"आणि तू सांगितलंस?"

साहेबांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्या तोंडून ते आलं. मला माहीत होतं. मी त्या पायरीखाली बसून खाल्लेलं आहे. वाक्य इकडून तिकडं पोचवताना मध्ये मी आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. साहेबांना दोन शब्द सांगितले असते तर त्यांनी सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या असत्या, एवढं मी त्यांना ओळखत होते.

पेटी परत लुगड्यात गेली. बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. भांडण नाही, राग दाखवणं नाही. पाणी पाहिजे असेल तर मायला सांगायचे, मी शेजारी बसलेली असले तरी. मांडीवरची बोटंही थांबली. असे तीन आठवडे गेले. माय मला एकदाच म्हणाली की त्यांच्या हातची पेटी ही दुसऱ्यांदा सुटली.

मार्चचा पहिला रविवार. चारचा सुमार, ऊन तापलेलं, पत्रे कडकड वाजत होते. वस्तीतली माणसं एकाएकी दारात येऊन उभी राहू लागली, म्हणून मीही पाहिलं. बोळातून बाई आणि साहेब चालत येत होते, दोघांच्या हातात व्हायोलिनच्या पेट्या. घर त्यांनी विचारत विचारत शोधलं होतं. मी त्यांना कधी बोलावलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमची आठ बाय दहाची खोली त्यांना दाखवायची मला लाज वाटत असे.

आमच्या दारापुढं एक दगड होता, तीच पायरी. साहेब त्या दगडाच्या अलीकडं थांबले. टोपी काढली. त्यांनी काहीतरी पाठ करून आणलं होतं, ते दिसतच होतं. त्यांची मान लाल झाली होती.

"मी चुकलो," साहेब म्हणाले. "हे खोलीतलं आहे. आम्ही तुमच्या खोलीत येऊ?"

बाबा खाटेवर बसले होते. ते उठले नाहीत. बोळात पोरंसोरं, बाया, सगळे जमलेले. बाई आणि साहेब उन्हात उभे. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि माझं तोंड गच्च मिटलेलं होतं. मी ठरवलं होतं, या वेळी एक अक्षर मध्ये टाकायचं नाही. वाट बघता बघता साहेब खाली वाकले आणि त्या दगडावर बसायला लागले. त्यांना वाटलं असावं, हेच योग्य.

तेव्हा बाबा बोलले. तीन आठवड्यांनी, माझ्याशी.

"पोरी, सांग त्यायले. आमच्या घरी पायरीवर कोणाले बसवत नाई. आत या म्हना."

डॉक्टरीणबाईंना मराठी येत होतं. त्यांनी ते ऐकलं होतं आणि त्या साहेबांचा दंड धरून त्यांना उठवतही होत्या. सांगायची काही गरज नव्हती. तरी मी दोन पावलं पुढं गेले आणि साहेबांना त्यांच्या भाषेत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द बघून.

मायनं अंथरुणं गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. बाई खाटेवर बसल्या, साहेब धान्याच्या डब्यावर, बाबा खाली पेटीपुढं. साहेबांनी भिंतीवरच्या बुद्धांच्या तसबिरीकडे बोट करून मला हळूच विचारलं, हे चालेल ना यांना, की तसबीर झाकायची. मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, तो देव नाही, तो शिकवणारा आहे, त्याला ऐकू दे. साहेबांनी मान हलवली आणि पांढरी दोन मागून खुंट्यांवर हात ठेवला.

बाबांनी भाता ओढला आणि त्यातून सुर्र करून हवा गेली. उन्हानं चिकटपट्टी सुटली होती. दुसरी घरात नव्हती. बाबांनी माझा हात धरून अंगठा त्या चिरेवर टेकवला आणि म्हणाले, दाब इथं. मी त्यांच्या बाजूला मांडी घालून बसले. भाता पुढं-मागं व्हायचा, त्याच्याबरोबर माझा हात.

पहिला तुकडा झाला. दुसरा आला. साहेब गज उचलून बाबांच्या हाताकडे बघत राहिले. बोळात पन्नास माणसं उभी होती. बाबा जरा थांबले, नेहमीसारखे. मग त्यांनी ते दोन सूर टाकले.

पाचही तुकडे संपेपर्यंत मी अंगठा उचलला नाही.